सत्ताविसावी छन्नी

अब्दुल गफ्फार यांची भट्टी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाकडे उतरणाऱ्या गल्लीत होती. त्या भट्टीवर मी, मैनाबाई, सव्वीस वर्षे पंख्याचा दांडा फिरवला आणि गरज पडेल तेव्हा घणही मारला. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला एवढ्यावरूनच आहे.

गफ्फारभाई उंच आणि सडपातळ होते. उजव्या हाताने आयुष्यभर हातोडा चालवल्यामुळे त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. ते कोणावर आवाज चढवीत नसत. गिऱ्हाईक भांडायला लागले तर ते हसून मला म्हणत, "माणसापेक्षा लोखंड बरं, मैनाबाई. ते लाल झालं का दिसते तरी."

लोहाराच्या कामातील सर्वांत अवघड भाग घाव घालण्याचा नसून पाहण्याचा असतो. छन्नीचे टोक लाल करून पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कडक होते. तशीच वापरली तर घावाखाली तिचे तुकडे उडतात. म्हणून आधी फक्त टोक बुडवायचे, वर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायचे आणि थांबायचे. मागच्या दांड्यात उरलेली उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकत येतात. प्रथम गव्हाच्या काडीचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, आणि शेवटी मोराच्या मानेचा निळा. विहिरीतला काळा दगड फोडणाऱ्या छन्नीसाठी टोकावर जांभळा रंग पोहोचला की त्याच क्षणी ती पूर्ण बुडवायची असते. आधी बुडवली तर ती ठिसूळ राहते आणि उशीर केला तर मऊ पडते. हा निर्णय दोन श्वासांत घ्यावा लागतो. त्या वेळी गफ्फारभाई कोणालाही बोलू देत नसत.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. पाणी दिलेले टोक उघडे ठेवायचे नाही. बुडवून काढल्याबरोबर त्याला तेलात कालवलेली काजळी फासायची आणि वर चिंधी बांधायची. गिऱ्हाईक दगडावर घाव घालील तेव्हाच ती काजळी निघायची. उघड्या टोकाला नजर लागते, असे त्यांचे वडील सांगत. गफ्फारभाईंचा नजरेवर फारसा विश्वास नव्हता, परंतु वडिलांच्या रीतीवर होता.

सन दोन हजार पाचच्या वैशाखात वादळाने भट्टीवरचे टिनाचे छप्पर उडून गेले. कामाची गर्दी होती. पाऊस मागच्या वर्षीही दगा देऊन गेला होता, आणि ज्याची विहीर आटली तो ती आणखी खोल करीत होता. रोज कोणीतरी छन्नीसाठी दारात उभा असे. छपराविना उन्हात रंग नीट पाहता येत नाहीत, कारण चकाकीने डोळे दिपतात. तेव्हा मी एक उपाय सुचवला. कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे गंजी झाकायची मोठी निळी ताडपत्री पडून होती. त्या वर्षी झाकण्याइतका कापूसच त्याच्या अंगणात आला नव्हता. मी मागितली आणि त्याने दिली. आम्ही ती चार बांबूंवर ताणून बांधली. जहाँआराभाभी, म्हणजे गफ्फारभाईंच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि वर पाहून म्हणाल्या, "थंडगार वाटून राह्यलं. जसं पाण्याखाली बसलो."

आम्ही तिच्याखाली एकोणीस दिवस काम केले.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून लोक परत येऊ लागले. तक्रार करायला नव्हे, वाखाणायला. एक विहीर खोदणारा गडी आला आणि भट्टीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "गफ्फारभाई, यंदा काय जादू केली? चार दिवस झाले, धार गेलीच नाई. मांग तं दर दोन दिवसांनी पाजवाले आणा लागे."

"दगड मऊ लागला असंन," गफ्फारभाई म्हणाले.

"मऊ? बाप्पा, त्या दगडावर हातोडा उसळते!"

दुसऱ्या दिवशी आणखी एक आला, त्यानेही तेच सांगितले आणि भावासाठी दोन छन्न्या मागितल्या. मला अभिमान वाटला. गफ्फारभाईंना मात्र वाटला नाही. ते त्या दिवशी जेवले नाहीत. जो माणूस तीस वर्षे एकाच पद्धतीने छन्नी करतो, त्याची छन्नी अचानक चांगली का होईल, हा प्रश्न त्यांच्या मनात शिरला होता. संध्याकाळी त्यांनी तयार छन्नीच्या टोकाजवळ कानस फिरवली. पोलादाला कानस थोडी तरी धरते. ती घसरली आणि तिचा आवाज दात शिवशिवतील असा आला, म्हणजे टोक हवे त्याहून फार कडक राहिले होते.

"मैनाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माहे डोळे गेले काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून रंग पाहायला लावले. टोकावर जांभळा आला तेव्हा मी 'आला' म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांचाही हात खाली गेला. आमच्या दोघांच्या पाहण्यात फरक नव्हता. तेव्हा त्यांनी पोलादाला दोष दिला. मालट्रकच्या कमानीचे जुने पाटे आम्ही वापरत होतो. त्यांनी नवी खेप बाजूला ठेवून जुन्या खेपेतले पाटे घेतले. कानस पुन्हा घसरली. त्यांनी पाणी बदलले, कोळसा बदलला. मला वाटते, भट्टीच्या वर पाहण्याचा विचार तेवढा आम्हा कोणाच्याही मनात आला नाही.

मी त्या वर्षी प्रौढ वर्गाला जाऊ लागले होते. वर्ग दुपारी नगरपालिकेच्या शाळेच्या ओसरीत भरे. शिकवणाऱ्या प्रणालीबाई महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत आणि सुट्टीत आम्हाला अक्षरे शिकवीत. प्रत्येकीने आपल्या कामातली एक वस्तू आणावी आणि तिचे नाव लिहावे, असे त्यांनी सांगितले. मी एक छन्नी नेली. काजळी वहीला लागू नये म्हणून मी चिंधी सोडून टोक पदराने पुसले. त्या घराची रीत मी प्रथमच मोडली होती. मला त्याची लाज वाटली, म्हणून मी खाली पाहत होते.

"किती सुंदर रंग आहे हो," प्रणालीबाई म्हणाल्या. "जुन्या सोन्यासारखा."

मी पाहिले. ओसरीवर ऊन होते. टोकाचा रंग गव्हाच्या काडीचा होता, थोडा तांबूसकडे झुकलेला. जांभळ्याचा मागमूसही नव्हता.

"हा जांभळा असाले पायजे," मी म्हणाले. "काल मी सोता पाह्यला. जांभळा होता."

प्रणालीबाईंनी छन्नी हातात घेतली, उन्हात फिरवली आणि मला जे समजावले ते मी आजही विसरलेले नाही. त्या म्हणाल्या की हा रंग कोणी लावलेला नसतो, ही जाडी असते. तापलेल्या लोखंडावर हवेतला प्राणवायू बसतो आणि दुधावर साय धरावी तशी एक साय धरते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर ही पिवळी साय त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ असते. तिच्यात अणूंचे दीड-दोनशे थर असतात.

"थर म्हंजे कसे?" मी विचारले.

"हातगाडीवर संत्री रचतात ना? खालच्या चार संत्र्यांच्या खळग्यात वरचे एक. प्राणवायूचे अणू तसे बसतात. लोखंडाचे अणू लहान, ते मधल्या फटींत, जशी संत्र्यांच्या मध्ये बोरं. उजेड सायीच्या वरून थोडा परततो आणि तळावरून थोडा. दोन्ही मिसळताना एखादा रंग मरतो, उरलेला आपल्याला दिसतो. थर वाढले की मरणारा रंग बदलतो. जांभळ्याला याहून जास्त थर लागतात, मैनाबाई. ही साय तिथपर्यंत वाढलीच नाही."

"मंग आमाले जांभळी काहून दिसली?"

त्यांनी थोडा विचार केला. "साय खोटं बोलत नाही. तुम्ही तिला कसल्या उजेडात पाहता?"

 मी वही तिथेच टाकून निघाले. ती ताडपत्री मीच आणली होती.

गफ्फारभाई ऐरणीपाशी बसले होते. मी छन्नी त्यांच्यासमोर ठेवली आणि सर्व सांगितले, काजळी पुसल्याचेही. ते रागावतील अशी माझी समजूत होती. ते उठले, छन्नी घेऊन गल्लीत उन्हात गेले, परत ताडपत्रीखाली आले, पुन्हा बाहेर गेले. बाहेर पिवळी. आत जांभळट. त्यांनी हे तीन वेळा केले. मग विळा घेऊन चारही दोऱ्या कापल्या. ताडपत्री विझलेल्या भट्टीवर, माझ्यावर आणि त्यांच्यावर पडली. तिच्याखालूनच त्यांचा आवाज आला.

"किती छन्न्या गेल्या, मैनाबाई? कोणाकोणाले?"

मला लिहिता येत नसल्यामुळे माझी आठवण चांगली होती. मी एकेक नाव सांगितले आणि त्यांचा मोठा मुलगा मोईज, जो एसटीच्या आगारात नोकरीला होता, लिहीत गेला. सत्तावीस झाल्या. तेवढ्या छन्न्या घेऊन माणसे विहिरींच्या तळाशी, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, काचेसारख्या टोकांवर हातोडे मारीत होती.

दुसऱ्या सकाळपासून आम्ही निघालो. पोत्यात उघड्यावर, संध्याकाळच्या उजेडात पाणी दिलेल्या नव्या छन्न्या होत्या, बदली देण्यासाठी. आम्हाला वाटले होते की लोक भीतीने जुन्या देऊन टाकतील. तसे झाले नाही. ज्या छन्नीची धार जात नाही ती कोणाला नको असते? बोरगावच्या पार्बताबाईंचा नवरा आणि दीर दोघे विहिरीवर होते. पार्बताबाईंनी कमरेवर हात ठेवून गफ्फारभाईंना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"लोकं खराब माल इकून पळून जातात. तुमी चांगला माल वापस न्याले आले? डोक्यावर परिनाम झाला काय, भाऊ?"

"झाला समजा. पन छन्नी द्या."

"नवरा घरी नाई. आन् तो असता तरी देली नसती."

तिथे आम्ही नवरा येईपर्यंत निंबाखाली बसून राहिलो. तो आला, डोक्याचे फडके सोडून झटकले, आणि फडक्याच्या घडीतून काहीतरी दगडावर वाजले. नखाएवढा पोलादाचा तुकडा होता. त्याची एक कड काळी आणि दुसरी चांदीसारखी ताजी होती. पार्बताबाईंनी तो उचलून पाहिला. आत गेल्या आणि दोन्ही छन्न्या आणून पोत्यात टाकल्या.

आठ दिवसांत चोवीस परत आल्या. त्यांतल्या पाचांची टोके थोडीथोडी उडालेली होती. कोणाला लागले नव्हते, आणि का लागले नव्हते याचे कारण कोणालाही सांगता आले नसते. प्रत्येक परतीच्या छन्नीनंतर गफ्फारभाईंचा चेहरा हलका होण्याऐवजी अधिक ओढला जाई. ते म्हणत, "जितक्या कमी राह्यल्या, तितका घाव जवळ आला."

उरल्या तीन. एक आम्ही दारावर आलेल्या एका अनोळखी माणसाला विकली होती. सायकलला फावडे बांधलेले, उजव्या कानात बाळी, चिखलदऱ्याकडे रस्त्याच्या कामावर दगड फोडायला जातो म्हणाला होता. मोईज तिकडे दोन दिवस हिंडून आला, माणूस सापडला नाही. उरलेल्या दोन शालिकराम नावाच्या विहीर खोदणाऱ्याकडे होत्या. तो आपली माणसे घेऊन कौंडण्यपुराच्या अलीकडे एक विहीर खोल करायला गेला होता. अमरावतीहून एसटीने आम्ही कुऱ्ह्याला उतरलो आणि पुढे पायी गेलो. ऊन असे होते की जमीन पायाखाली खडखडत होती.

विहिरीच्या काठाला पोहोचण्याआधीच घावांचा आवाज ऐकू आला. गफ्फारभाई थांबले.

"आयकता? किती बारीक आवाज हाये. जांभळी छन्नी अशी वाजत नाई."

काठावरून हाक मारल्यावर शालिकराम दोराने वर आला. धुळीने पांढरा झालेला, पन्नाशीचा, हसतमुख माणूस. त्याने सर्व ऐकून घेतले आणि मान हलवली.

"गफ्फारभाऊ, वीस वर्सं झाले दगड फोडून राह्यलो. अशी छन्नी हातात आली नाई. तुमाले हे दुसऱ्या कोनाले इकाची असंन तं तसं सांगा, रुसत नाई मी."

"शालिकराम, ते फुटनार हाये."

"फुटते तं फोडून दाखवा ना, इथं, माह्यापुढं."

त्याची माणसे हसली. गफ्फारभाई हसले नाहीत. त्यांनी छन्नी मागून घेतली. सर्वांना बैलगाडीच्या मागे जाऊन उभे राहायला लावले, मलाही. मग विहिरीतून काढलेल्या एका काळ्या दगडापाशी गुडघ्यावर बसले. तोंडाला गमछा गुंडाळला. डोळे तेवढे उघडे ठेवावे लागले, कारण न पाहता मारलेला हातोडा बोटांवर पडतो.

मी घाव मोजले. पहिला, दुसरा, पाचवा. दगडाच्या कपच्या उडत होत्या, छन्नी तशीच होती. नवव्या घावाला शालिकराम गाडीमागून ओरडला, "काय भाऊ, छन्नी फुटते का तुमीच फुटता?"

बाराव्यानंतर त्यांनी श्वास घेतला. मला वाटले, आता ते उठतील, छन्नी परत देतील, आणि आम्ही रिकाम्या हाताने जाऊ. त्यांनी पुन्हा हातोडा उचलला. सतराव्या घावाचा आवाज वेगळा आला, लहान आणि कोरडा, काडी मोडल्यासारखा. त्यांनी हातोडा अलगद खाली ठेवला. ते मागे टेकून बसले आणि डाव्या डोळ्यावर तळहात धरला. बोटांतून रक्त यायला थोडा वेळ लागला.

"शालिकराम," ते म्हणाले, "दुसरी कुठं हाये?"

शालिकराम स्वतः विहिरीत उतरला. वर आला तेव्हा दुसरी छन्नी त्याने धोतराच्या सोग्यात गुंडाळून छातीशी धरली होती, जसे एखादे तान्हे मूल धरावे. मग त्यानेच गाडी जुंपली. कुऱ्ह्याच्या वाटेत शालिकराम बैलांकडे पाहत म्हणाला, "तो घाव माहा असता," आणि त्यानंतर तो रडला.

अमरावतीच्या दवाखान्यात डोळा वाचला नाही. आत गेलेला तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. डॉक्टरांनी तो कागदाच्या पुडीत बांधून दिला. घरी आल्यावर गफ्फारभाईंनी पुडी सोडून तुकडा उन्हात धरला आणि एका डोळ्याने पाहिला. त्याच्या एका बाजूला अजून काडीचा पिवळा रंग होता. जहाँआराभाभींनी तो फेकून द्यायला सांगितले. गफ्फारभाईंनी फेकला नाही. त्यांनी भट्टीवरून काजळीची वाटी मात्र उचलून नेली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक छन्नीचे टोक गिऱ्हाईकाला उन्हात उघडे दाखवूनच देऊ लागले.

एका डोळ्याने त्यांनी पुढे सहा वर्षे काम केले. भट्टीवर पुन्हा टिनाचे छप्पर बसले. रंग ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही. पण ते काम करताना मधूनच थांबत. चिखलदऱ्याकडचा कोणी माणूस गल्लीत आला तर त्याला चहा देऊन ते कानातल्या बाळीविषयी विचारत. मला तोपर्यंत वाचता येऊ लागले होते. रोज सकाळी ते वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवीत. त्या वर्षांत आमच्या भागाच्या बातम्या वाचणे सोपे नव्हते. मी वाचत असे आणि ते मान खाली घालून ऐकत. विहिरीवर किंवा दगडाच्या खाणीवर कोणी दगावल्याची बातमी असली की ते एवढेच विचारीत, "छन्नीचं काई लिवलं हाये काय?" बहुधा लिहिलेले नसे. माणूस कशाने मेला हे बातमीत नेहमी नसते. नाही म्हटल्यावर ते उठून कामाला लागत. परंतु त्यांना त्यामुळे सुटका मिळाली असे मला कधी दिसले नाही.

दोन हजार अकराच्या थंडीत ते वारले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मोईजला आणि मला बसवून त्या न सापडलेल्या छन्नीचे वर्णन दोनदा म्हणवून घेतले. ते येथे लिहिते.

लांबी नऊ इंच. दांडा आठ पैलूंचा. हातोडा पडतो त्या डोक्याच्या कडेला कानसीने पाडलेल्या तीन आडव्या खाचा. त्या आमच्या भट्टीच्या खाचा आहेत. काजळी अजून निघाली नसेल तर ती पुसून टोक उन्हात पाहावे. रंग काडीसारखा पिवळा दिसला तर तीच ती. वापरली गेली असेल तर वरची साय झिजली असेल आणि रंगावरून काही कळणार नाही. तेव्हा खाचांवरून ओळखावी. तिची धार फार चांगली आहे आणि ती अनेक वर्षे न फुटता चालू शकेल. त्या चांगुलपणावर विसंबू नये. ज्याच्याकडे ती असेल त्याने आज तिच्यावर हातोडा मारू नये. जुन्या शहरात मोईज यांच्याकडे आणून द्यावी. बदली छन्नी तयार ठेवलेली आहे. येणे जमत नसेल तर निरोप पाठवावा. मी स्वतः घ्यायला येईन.